मुठीची कुळकथा

दिवाळीच्या आधीचे चार दिवस आमच्या लोणी काळभोरातल्या कोणत्याही आळीतून चालत गेलात तरी तळणीचा वास पाठ सोडीत नाही. आमच्या घरी जुना पितळी सोऱ्या आहे, दोन्ही बाजूंना कान असलेला, दाबाचा. भाजणीचे पीठ जरा घट्ट झाले की तो दाबताना भल्याभल्यांच्या कपाळावर घाम येतो. आई चकल्या पाडीत असे तेव्हा तासाभराने थांबायची, उजवा हात माझ्यापुढे करायची आणि म्हणायची, "जरा हितं दाब रे."

'हितं' म्हणजे कोठे? सोऱ्या दाबला होता बोटांनी. पण दुखत असे ते कोपराच्या खाली, मनगटाच्या बरेच वर, हाताच्या आतल्या मांसल भागात. मला त्या वयात याचे मोठे कोडे पडे. काम बोटांनी करायचे आणि शीण भलत्याच जागी यायचा, हा कोठला न्याय?

या कोड्याचे उत्तर मला पुष्कळ उशिरा मिळाले आणि ते शोधता शोधता एक लांबलचक कथाच हाती लागली. माझी मजल मॅट्रिकपर्यंतची. वैद्यकाचा मला अधिकार नाही. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्याला दुसऱ्यांच्या घरात डोकावण्याची खोड असते, आणि आपलाच हात हे तर आपले स्वतःचे घर. तेव्हा वाचकहो, हा अंक घटकाभर मांडीवर ठेवा. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा आतला भाग हलकेच धरा आणि उजव्या हाताची बोटे एकेक करून मिटा, उघडा. डाव्या पंजाखाली काहीतरी जिवंत असल्यासारखे सरकताना जाणवेल. बोटे मिटणारा गडी तेथे राहतो. बोटांत त्याचे घर नाही. तेथे हाडे, कातडी, रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि दोऱ्या आहेत, पण बोट वाकवील असा एकही स्नायू नाही. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारा पडद्यामागे बसतो आणि दोऱ्या तेवढ्या पुढे सोडतो, तशीच ही योजना. सगळे मांस बोटांतच भरले असते तर आपली बोटे केळ्यांसारखी जाड झाली असती आणि सुईत दोरा ओवणे कोणालाच जमले नसते.

या दोऱ्यांना शास्त्रात कंडरा म्हणतात. लोक त्यांना 'नस' म्हणतात, पण ते बरोबर नव्हे. कोपराच्या आतल्या अंगाला जे हाडाचे टोक लागते, तेथून आणि त्याच्या आसपासच्या हाडांवरून हात आतल्या बाजूस वळवणारे व मिटणारे स्नायू निघतात. कोपर ते मनगट या भागात आतल्या बाजूला असे एकूण ८ स्नायू आहेत, थरावर थर रचलेले. त्यांपैकी बोटांचे मुख्य धनी दोन. एक उथळ, एक खोल. दोघांच्याही चार-चार कंडरा चार बोटांत जातात. उथळ कंडरा बोटाच्या मधल्या पेरावर थांबते. खोल असलेली थेट नखाखालच्या शेवटच्या पेरापर्यंत पोचते. आता खालची दोरी वरच्या दोरीच्या पुढे जायची कशी? निसर्गाने येथे जी युक्ती केली आहे ती पाहून मी थक्क झालो. वरची कंडरा बोटाच्या मुळाशी दुभंगते, मध्ये फट पडते आणि त्या फटीतून खालची कंडरा पुढे निघून जाते. पालखीला वाट देण्यासाठी गर्दी दोन्ही बाजूंना सरते आणि पालखी गेल्यावर पुन्हा मिळते, अगदी तसे.

अंगठ्याला स्वतंत्र स्नायू आहे, त्याची एक कंडरा. म्हणजे चार, चार आणि एक मिळून ९ कंडरा आणि त्यांच्यासोबत एक मोठा मज्जातंतू मनगटाच्या अरुंद बोगद्यातून तळहातात शिरतात. वानरांच्या बऱ्याच जातींत अंगठ्याला असा आपला स्वतंत्र, बळकट गडी नसतो. माणसात तो आहे. द्रोणाचार्यांनी एकलव्याकडून नेमका अंगठाच का मागितला हे व्यासांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आणखी एक गंमत फराळ झाल्यावर सर्वांनी मिळून करून पाहावी. अंगठा आणि करंगळी यांची टोके जुळवा आणि मनगट किंचित आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी ताठ उभी राहील. काहींच्या हातावर ती दिसणारच नाही. काहींच्या एकाच हाताला असेल. ज्यांच्या हाताला ती नाही त्यांनी घाबरू नये. तो स्नायू असून नसून सारखाच. त्यावाचून मुठीचे बळ कमी होत नाही. म्हणूनच शल्यवैद्य ही कंडरा उसनी काढून दुसरीकडे तुटलेल्या जागी वापरतात. आमच्या घरी पाच जणांत दोघांच्या हाताला ती नाही आणि त्यावरून गेल्या दिवाळीत 'तू कोणावर गेलास' हा वाद जेवणाच्या पाटापर्यंत चालला.

'कंडरा' हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुताने शरीरात १६ मोठ्या कंडरा सांगितल्या आणि हातापायांतल्या कंडरांना शेवटी जे अंकुर फुटतात ती नखे, असे म्हटले. शास्त्र म्हणून हे आज टिकत नाही. पण खोल कंडरा जेथे चिकटते ती जागा नखाच्या बरोबर खालीच आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या माणसाने नुसती कल्पना लढवली नव्हती, काहीतरी उघडून पाहिले होते, असे वाटू लागते. आणि पाहिले होतेच. प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात बुडवावे, सात रात्रींनी काढावे आणि वाळा, केस, वेळू यांच्या कुंच्यांनी हळूहळू घासत एकेक थर पाहावा, अशी त्याची पद्धत होती. पेशींची त्याची मोजदाद ५००. त्यांतल्या ४०० हातापायांत. तळहाताच्या मध्यावर मधल्या बोटाच्या रेषेत त्याने 'तलहृदय' नावाचे मर्म सांगितले आहे. तळहाताला हृदय आहे असे म्हणणारा वैद्य मला कवीहून कमी वाटत नाही. पुढे प्रेताला शिवणेच निषिद्ध झाले, ग्रंथ पाठ करणारे उरले, कुंचा हातात घेणारे उरले नाहीत. असो.

युरोपातही बराच काळ वेगळे घडत नव्हते. रोमच्या काळातला गेलन हा मोठा वैद्य; पण त्याने चिरून पाहिली ती मुख्यतः माकडे आणि इतर जनावरे, आणि त्याचा शब्द हजार-बाराशे वर्षे प्रमाण मानला गेला. तो खोडून काढला वेसालियसने. त्याचा शरीररचनेवरचा ग्रंथ १५४३ साली निघाला. त्या ग्रंथात त्याचे स्वतःचे चित्र आहे, आणि त्याने स्वतःला कशाजवळ उभे करून घेतले? हृदयाजवळ नव्हे, मेंदूजवळ नव्हे, सोललेल्या हाताजवळ. कोपरापासून बोटांपर्यंतच्या त्याच दोऱ्या तो जगाला दाखवतो आहे.

पुढे १६३२ साली ॲमस्टरडॅममध्ये रेम्ब्रांटने डॉक्टर टुल्प यांच्या शरीरशास्त्राच्या धड्याचे चित्र काढले. फाशी गेलेल्या एका चोराचे प्रेत मध्ये आहे. भोवती गळ्याला पांढऱ्या झालरी लावलेले प्रतिष्ठित नागरिक. डॉक्टरांनी उजव्या हातातल्या चिमट्याने प्रेताच्या हातातला बोटे मिटणारा उथळ स्नायू उचलून धरला आहे आणि त्याच वेळी ते आपल्या डाव्या हाताची बोटे किंचित वाकवून दाखवीत आहेत: पाहा, हा ओढला की असे होते. मेलेल्या हाताशेजारी जिवंत हात. मी हे चित्र छापील पाहिले आहे, मूळ हॉलंडमध्ये आहे. चोर ज्या हाताने चोरी करी तोच हात चिरला गेला, असा बोध काहींनी त्यातून काढला. मला मात्र त्यात मास्तर दिसतो. फळ्यावर न सांगता आपल्या हाताने करून दाखवणारा मास्तर पाहिला की मला आनंद होतो.

त्या वेळी आपल्याकडे काय चालले होते? शिवाजी महाराज दोन वर्षांचे होते. १६३० च्या सुमारास मुरार जगदेवाने पुणे जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला होता आणि दुष्काळाने दख्खन होरपळत होती. शरीरशास्त्र शिकायला येथे कोणाला सवड होती? पण हाताचे शास्त्र येथे दुसऱ्या शाळेत शिकवले जात होते, तालमीत आणि रणांगणावर.

याचा एक पुरावा कोणत्याही शस्त्रसंग्रहात पाहायला मिळतो. मुठी घट्ट आवळा आणि मग मनगट आतल्या बाजूला शक्य तितके वाकवा. मूठ आपोआप सैल पडते. लाख प्रयत्न केले तरी आवळत नाही. कारण दोरी मनगटावरच ढिली पडते, बोटांपर्यंत ओढ उरत नाही. कुस्तीत, काठीच्या डावात प्रतिस्पर्ध्याचे मनगट मुरगळून हातातली वस्तू पाडतात ती याच न्यायाने. आता मराठ्यांचा पट्टा पाहा. त्याची मूठ तलवारीसारखी उघडी नसते; लोखंडी खोबणीत हात कोपराच्या जवळपर्यंत जातो आणि आत आडवी दांडी मुठीत धरायची असते. त्यामुळे मनगट वाकूच शकत नाही. वार खांद्यातून फिरतो, पकड मात्र ढिली पडत नाही. ज्या लोहाराने ही मूठ घडवली त्याने ना सुश्रुत वाचला होता ना वेसालियस, पण त्याला मनगटाचे मर्म ठाऊक होते.

हाताची किंमत पुण्याने आणखी एका प्रकारे पाहिली आहे. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालात शायिस्ताखानाचा जीव वाचला, बोटे गेली. शाळेत हा धडा शिकवताना मुले हमखास हसतात. जिवावरचे बोटांवर निभावले, असे आपण म्हणतो. तुटलेल्या बोटाची गोष्ट मात्र तेवढ्यावर संपत नाही. कंडरा तुटली की तिकडे वर, कोपराखाली बसलेला गडी आपल्या सवयीने दोरी ओढून घेतो आणि तुटके टोक तळहातात, कधी त्याच्याही वर पळून जाते. आमच्याकडे मुठा कालव्याच्या पाण्यावर ऊस होतो. उसाच्या फडात कोयता लागून किंवा कडब्याच्या कुट्टी यंत्रात सापडून बोट कापले गेलेली माणसे मी पाहिली आहेत. जखम बाहेरून भरून येते, बोटही जागच्या जागी असते, पण मिटत नाही. भाकरीचा तुकडा मोडताना ते एकटे ताठ उभे राहते. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठमोठे शल्यवैद्यसुद्धा तळहाताच्या घडीपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतचा टापू टाळीत. दोन्ही कंडरा एकाच अरुंद म्यानातून तेथे जातात. शिवल्या की एकमेकींना आणि म्यानाला चिकटून बसत. अमेरिकेतल्या स्टर्लिंग बनेल नावाच्या हाताच्या शल्यवैद्याने त्या टापूला दोन सैन्यांमधल्या ओसाड रानाचे नाव दिले होते. तेथे थेट टाका घालण्याचे धाडस यशस्वी होऊ लागले ते १९६० नंतर.

आता या कथेतला माझा सर्वांत आवडता माणूस. त्याचे नाव इंग्रजी कागदांत 'कावसजी' असे आहे. नाव पारशी वाटते, पण तेथेच त्याला मराठा, शेतकरी जातीचा असे म्हटले आहे. साहेबाच्या कानाने मुळात काय ऐकले कोण जाणे. १७९२ च्या टिपूवरच्या स्वारीत तो इंग्रज फौजेबरोबर बैल हाकायला होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडले आणि त्याचे नाक व एक हात कापून सोडून दिले. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. मेणाचे नाक बनवायचे, ते उलगडून कपाळावर ठेवायचे, त्या मापाने कपाळाची कातडी तीन बाजूंनी कापायची, दोन भुवयांमधला देठ तेवढा शिल्लक ठेवायचा आणि ती कातडी खाली वळवून नाकाच्या जागी बसवायची. वर पट्टी लावायची ती पाण्यात भिजवलेल्या काताची. हाच तो आपल्या पानदानातला कात! साधारण पंचविसाव्या दिवशी देठ कापला की नाक स्वतंत्र झाले. क्रुसो आणि फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया डोळ्यांनी पाहिली, जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये सगळी हकीकत छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या लंडनच्या शल्यवैद्याने ही क्रिया १८१४ साली स्वतः करून पाहिली. आजच्या प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात हे पान आहे.

सगळे जण नाकाबद्दल बोलतात. आपल्या लोकांना तर नाकाचा अभिमान फारच. मला आठवतो तो त्याचा दुसरा तोटा. नाक आले, हात आला नाही. एका हाताने तो कासरा कसा धरीत असेल? कंपनीने त्याला पेन्शन दिली होती असे त्या लेखात आहे, पण बैल हाकणाऱ्या माणसाला पेन्शनीपेक्षा कासरा जवळचा. विटांवाल्याचा यात दोष नाही. कातडी कातडीला धरते. पण हात परत लावायचा तर हाडे, रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि त्या साऱ्या दोऱ्या एकेक करून जुळवाव्या लागतात. तुटलेला हात पुन्हा बसवण्याचे काम जगात १९६० नंतरच साधले, आणि मृत माणसाचे दोन्ही हात जिवंत माणसाला बसवण्याची क्रिया भारतात प्रथम २०१५ साली कोचीला झाली. २०२० मध्ये मुंबईतही झाली.

पण हात गमावण्याचा आणखी एक मार्ग आहे. त्यात तलवार नाही, कोयता नाही. हात जागेवर असतो आणि तरीही नसतो.

मी तिसरी-चौथीत असेन. चतुर्थीला आई मला थेऊरला चिंतामणीच्या दर्शनाला नेई. देवळाच्या वाटेवर एक म्हातारा बसलेला असे. त्याची बोटे आत वळलेली होती, पक्ष्याच्या नखांसारखी. एकदा मी आईच्या हातातल्या पुड्यातून पेढा घेतला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने बोटे मिटण्याचा प्रयत्न केला. बोटांची टोके आधी वळली आणि पेढा त्यांनीच पुढे ढकलला; तो घरंगळत धुळीत गेला. आईने मला दंडाला धरून मागे ओढले. "हातावं नको ठिवू, वाडग्यात टाक," ती म्हणाली आणि घरी आल्यावर तिने मला साबणाने दोनदा हात धुवायला लावले. रोगाने त्याची बोटे खाल्ली आहेत, असे मला सांगण्यात आले. मी पुढे कित्येक वर्षे तेच खरे मानीत होतो. मास्तर झाल्यावर एकदोनदा वर्गातही तेच सांगितले, हे कबूल केले पाहिजे.

कुष्ठरोग बोटे खात नाही. तो मज्जातंतूंवर बसतो. कोपर भिंतीला आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ना, तो मज्जातंतू कोपरामागे अगदी उघड्यावर आहे. या रोगात तो सुजतो, दोरखंडासारखा जाड होतो आणि मरतो. त्याबरोबर दोन गोष्टी जातात. एक स्पर्श: मग तव्याचा चटका कळत नाही, जखम कळत नाही, आणि न कळलेल्या जखमांनी बोटे झिजतात. दुसरी गोष्ट म्हणजे तळहातातले बारीक स्नायू. ते गांडुळासारखे छोटे गडी बोटांच्या मुळाशी असतात. बोट मुळापासून वाकवायचे आणि त्याच वेळी पेरे सरळ ठेवायची, हे नाजूक काम त्यांचे. पेढा धरायला, घास उचलायला तेच लागतात. ते गेले की हाताची तोल साधणारी माणसेच गेली. मग बोटांची मुळे मागे आणि टोके पुढे वळून पंजा होतो. त्या म्हाताऱ्याची बोटे टोकाकडून आधी का मिटली, याचे उत्तर हे.

महाराष्ट्रात या रोग्यांसाठी मोठी माणसे उभी राहिली. १९३६ साली मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केले. सेवाग्रामात गांधीजी परचुरे शास्त्रींचे अंग स्वतः चोळीत. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारले आणि वरोड्याला बाबा आमट्यांनी आनंदवन. ही नावे आपल्या मुलांना पाठ असतात. पण त्या वाकलेल्या बोटांचे काय करायचे, हा प्रश्न निराळा होता.

तो सुटला एका हस्तांदोलनातून. पॉल ब्रँड हा मिशनऱ्याचा मुलगा १९१४ साली तमिळ मुलखात कोल्ली डोंगरात जन्मला. इंग्लंडात शल्यवैद्यक शिकून १९४६ साली वेल्लूरला आला. चिंगलपेटच्या कुष्ठरुग्णालयात हिंडताना त्याने एका रुग्णाच्या वाकड्या पंजात आपला हात दिला आणि दाबायला सांगितले. दुबळा हात असेल अशी त्याची अपेक्षा. पण त्या पंजाची पकड इतकी जबर निघाली की ब्रँडला कळ आली. त्या कळीने त्याचे डोळे उघडले. पंजाच मेला असता तर हे बळ कोठून येणार? ते येत होते वरून, कोपराखालून. तळहातातले गडी गेले होते, पण बोटे मिटणारे थोरले गडी बहुतेक जागच्या जागी धडधाकट होते. रोगाने नोकर नेले होते, घरधनी शाबूत होता.

मग उपाय सुचला तो आपल्या एकत्र कुटुंबासारखा. प्रत्येक बोटाला मिटण्यासाठी दोन कंडरा आहेत, एक उथळ, एक खोल. मिटण्याचे काम खोल कंडरा एकटी निभावते. तेव्हा मधल्या बोटाची उथळ कंडरा सोडवून घ्यायची, तिचे चार धागे करायचे आणि ते तळहातातून एकेका बोटात बारीक स्नायूंच्या वाटेने नेऊन शिवायचे. मुळात ही युक्ती बनेलची, दुसऱ्या कारणांनी लुळ्या पडलेल्या हातांसाठीची. ब्रँडने ती १९४८ पासून कुष्ठरोग्यांच्या हातांवर वापरली आणि नंतर तिच्यात पुष्कळ फेरफारही केले. सुमारे तीन आठवडे हात प्लास्टरमध्ये, आणि मग खरी शाळा सुरू. काल जो गडी मधले बोट मिटत होता त्याला आज चारही बोटांचा तोल सांभाळायचा आहे. त्याला ते शिकवावे लागते, रोज, कंटाळा येईपर्यंत. कित्ता गिरवून घेणाऱ्यालाच त्यातले कष्ट कळतील.

ब्रँडने सांगितलेली एक आठवण मला विसरता येत नाही. हात दुरुस्त होऊन गेलेला एक तरुण काही दिवसांनी उपाशी परत आला आणि म्हणाला की तुम्ही दिलेले हात वाईट आहेत. या हातांना भीक मिळत नाही आणि अंगावर रोगाची खूण असल्याने कोणी कामही देत नाही. त्यानंतर वेल्लूरला बोटांच्या शस्त्रक्रियेबरोबर सुतारकामाची शाळाही निघाली.

ही विद्या पुण्याला आली ती फार दूर नव्हे, कोंढव्याला. तेथे कुष्ठरुग्णालय आहे. डॉक्टर नोशीर अंटिया यांनी इंग्लंडात सर हॅरोल्ड गिलीज यांच्याजवळ प्लास्टिक सर्जरीचे शिक्षण घेतले आणि परत आल्यावर १९५०च्या दशकात कोंढव्याच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करायला सुरुवात केली. इतर डॉक्टर या रोग्यांना हात लावायला कचरत होते तो हा काळ. त्यांनी हात सरळ केले, बसलेली नाकेही उभी केली. गिलीज यांचे गुरुघराणे मागे शोधीत गेले तर कार्प्यूपाशी पोचते आणि कार्प्यूपासून थेट पुण्याजवळच्या त्या विटांवाल्यापाशी. म्हणजे जी विद्या १७९४ साली येथून छापील कागदावर बसून लंडनला गेली, ती दीडशेहून अधिक वर्षांनी पुण्याच्या वेशीपाशी परत आली, आणि येताना कावसजीला न मिळालेली गोष्ट, हाताची दुरुस्ती, बरोबर घेऊन आली. अंटियांनी पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला आणि उतारवयात पुरंदर तालुक्यातल्या परिंच्यासारख्या गावात खेड्यातल्या बायकांना आरोग्याचे काम शिकवले. २००७ साली ते वारले. आमच्या भागातल्या किती जणांना त्यांचे नाव ठाऊक असेल, याची मला शंकाच आहे. पहिलवानांची नावे सगळ्यांना ठाऊक असतात.

रोगावर आता पक्की औषधे आहेत. १९८० नंतर तीन औषधांचा एकत्रित उपचार सुरू झाला. तो वेळेवर घेतला तर हात वाकायची वेळच येत नाही. औषध सुरू झाल्यावर रुग्णापासून इतरांना लागण होण्याची भीतीही लवकरच जवळजवळ नाहीशी होते. तरीही देशात दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात, आणि पांढुरक्या बधिर चट्ट्याकडे दुर्लक्ष करणारी घरे अजून आहेत.

मी हिशोब केला. मी पेढा ठेवला तेव्हा कोंढव्यात बोटे सरळ करण्याचे काम सुरू होऊन तीसएक वर्षे झाली होती. थेऊरपासून कोंढवा अवघ्या काही कोसांवर. चतुर्थीला देवळाच्या त्या वाटेने हजारो माणसे जात. त्यांत शिकलेली होती, माझ्यासारखे पुढे मास्तर होणारेही होते. त्या म्हाताऱ्याला पैसे सगळ्यांनी टाकले. कोंढव्याला कोणी नेले नाही, जा असेही कोणी सांगितले नसावे.

गेल्या वर्षी सोऱ्या घासून ठेवताना मी आईला ही सगळी हकीकत सांगितली. तिची बोटे आता सांधेदुखीने वाकली आहेत, चकल्या सून पाडते. ती बराच वेळ आपल्या हातांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "त्याच्या वाडग्याला चिंधीचा पट्टा होता बघ. मनगटात अडकवायचा तो."

मला पट्टा आठवत नव्हता. तिला आठवत होता.

"कोणी शिवून दिला असेल?" मी विचारले.

"बोटं नसताना त्यानं तर नसंल शिवला," आई म्हणाली, आणि तिने आपला उजवा हात माझ्यापुढे केला. मी कोपराखाली दाबू लागलो.